वॅप-सेव्हन शिकताना: कोकणच्या पावसात आधी पकड

रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला. इथे सहाय्यक लोको पायलट व्हायचं असेल, तर वॅप-सेव्हन (WAP-7) हे प्रवासी गाड्यांचं विजेवरचं इंजिन पक्कं समजून घ्या. ६,३५० अश्वशक्ती, वजन १२३ टन, सहा मोटरी. हे मालगाडीच्या वॅग-नाइन (WAG-9) इंजिनाचंच भावंड. गिअरचं प्रमाण ७७:१५ ऐवजी ७२:२० ठेवलं, म्हणून ओढ कमी झाली आणि वेग वाढला.

आकडे पाठ करण्याआधी एक हिशोब मांडा. २४ एलएचबी (नव्या धाटणीचे प्रवासी) डबे साधारण १,३०० टन, इंजिन धरून १,४२३. कोकणातल्या १५० ला १ (१५० मीटरला १ मीटर) चढावर एवढं वजन मागे खेचतं सुमारे ९३ किलोन्यूटनने. ताशी १०० किमीला इंजिन जवळपास १७० किलोन्यूटन ओढ देऊ शकतं, म्हणजे ताकदीची वानवा नाही. अडचण गाडी हलवताना येते. सुरुवातीची ३२२.६ किलोन्यूटन ओढ रुळावर उतरायला वजनाच्या २७ टक्के पकड लागते, आणि ओल्या रुळावर ती मिळत नाही. मुसळधारेपेक्षा रिमझिम जास्त वाईट: धार रूळ धुऊन काढते, रिमझिमीत धूळ आणि तेलाचा चिखल होतो. बोगद्यांत पाझर असतोच.

चाक घसरू लागलं की सॉफ्टवेअर ओढ कमी करतं, पण त्याच्यावरच विसंबू नका. थ्रॉटल आधी थोडा मागे घ्या, मग पकडीसाठी रुळावर वाळू, मग हळूहळू पुढे. गरगरणाऱ्या चाकाखाली वाळू टाकली तर पकड एकदम बसते आणि गिअरला झटका लागतो. निघण्यापूर्वी वाळूचं पेडल दाबून वाळू खरंच पडते का, हे खाली वाकून बघा. दमट हवेत ती गोळा होऊन नळी तुंबते.

आकृती एकच काढा, पण रोज: पॅन्टो (वरच्या तारेतून वीज घेणारा), व्हीसीबी (मुख्य स्विच), ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर (मोटरला हवी तशी वीज देणारा), मोटर. दोन कन्व्हर्टर, प्रत्येकाकडे एक बोगी (तीन मोटरींचा चाकांचा सांगाडा). एक बंद केला की तीनच मोटरी उरतात. धावती गाडी कदाचित निभावेल, पण ओल्या चढावर थांबली तर पुन्हा हलेलच असं नाही. म्हणून कंट्रोलला (गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्या कक्षाला) थांबण्याआधी कळवायचं.

न्यूट्रल सेक्शनचे (तारेत वीज नसलेल्या छोट्या टप्प्याचे) फलक ५०० आणि २५० मीटर आधी लागतात. ओढ शून्यावर आणून व्हीसीबी उघडा, आणि चढ असेल तर वेग राखून जा. मध्येच अडकलात तर वर वीजच नसते.

भरतीत अभियोग्यता चाचणीच्या प्रत्येक भागात किमान ४२ गुण लागतात. चष्म्याशिवाय ६/६ नजर हवी, लेसिक (चष्मा घालवायची लेसर शस्त्रक्रिया) केलेलं चालत नाही. डोळे अर्ज भरण्याआधीच तपासून घ्या.