स्पर्धेआधी फोटो दाखवताय? प्रकाशाच्या फोटोंवर मत घेताना या चुका टाळा

फोटो दाखवताना आपण आधी त्याची हकीकत सांगतो आणि मग मत विचारतो. “पहाटे गेलो होतो, थंडी मरणाची, त्यात फ्लॅशचा ट्रिगर चालेना, शेवटी कसाबसा हा मिळाला. कसा आलाय?” एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस फोटो बघतच नाही, तुमचे कष्ट बघतो. “लई भारी आलाय की,” म्हणतो आणि तुम्ही तो फोटो पाठवून मोकळे होता. परीक्षकाला यातलं काहीच ऐकू येत नाही. पडद्यावर फोटो येतो, काही सेकंद थांबतो, गुण पडतात, पुढचा येतो.

प्रकाशाचे प्रयोग केलेल्या फोटोंत हा घोटाळा जास्त होतो, कारण त्यात खटाटोपच जास्त असतो. स्टँड, फ्लॅश, फ्लॅशवर लावायचा रंगीत पारदर्शक कागद म्हणजे जेल, टॉर्च घेऊन उभा राहिलेला मित्र. जितकी मेहनत मोठी, तितका त्या फोटोवर जीव जडतो आणि तितकीच त्याची बाजू मांडायची घाई होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशा फोटोंना विषयांची कमी नाही. गुऱ्हाळं आहेत, शिवजयंतीची रात्रीची चित्ररथ मिरवणूक आहे, दिवाळीतले मातीचे किल्ले आहेत, खानापूरची कुंभारकी आहे. चांगले फोटोही निघतात. ते कच्चे राहतात ते मत चुकीच्या पद्धतीनं घेतल्यामुळं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी बोलू नका

फोटो समोर धरा आणि गप्प बसा. स्थळ नको, कॅमेरा नको, किती वाजता काढला तेही नको. “आवडला का?” हा प्रश्न तर नकोच, कारण त्याला आपल्याकडं कुणी ‘नाही’ म्हणत नाही. त्याऐवजी विचारा: नजर पहिल्यांदा कुठं गेली? नंतर कुठं? उजेड कुठल्या बाजूनं येतोय असं वाटतं? यातलं काय झाकावंसं वाटतं?

हे प्रश्न साधे असले तरी फार कामाचे आहेत. समजा गुऱ्हाळाचा फोटो आहे. उकळत्या रसाची काहील, वर चढणारी वाफ, फावडं घेतलेला गुळव्या म्हणजे गूळ करणारा, आणि वाफ उजळावी म्हणून त्याच्या पाठीमागं ठेवलेला फ्लॅश. काढणाऱ्याचं सगळं लक्ष वाफेवर. बघणारा मात्र पहिल्याच क्षणी विचारतो, “हे कोपऱ्यात पांढरं काय चमकालंय?” पाहिलं तर शेडचा पत्रा. फ्लॅशचा उजेड त्याच्यावर आपटून फोटोतला सगळ्यात तेजस्वी डाग तिथं पडलेला. नजर आधी पत्र्यावर जाते, मग वाफेवर, माणसावर सगळ्यात शेवटी. काढणाऱ्याला तो डाग दिसतच नसतो, कारण त्याला कुठं बघायचं हे आधीच ठाऊक असतं. तुम्ही आधी “वाफ बघ कशी आलीय” म्हणाला असता तर समोरच्यानंही वाफच बघितली असती.

फक्त फोटोवाल्यांना दाखवू नका

फोटोवाले तंत्र बघतात. ते हवंच. पण माझा आग्रह असा की फोटोत जे काम चाललंय ते करणाऱ्या माणसालाही फोटो दाखवा. हे फार कमी जण करतात.

गुळव्याला दाखवा. चेहऱ्यावर आगीचा रंग यावा म्हणून तुम्ही फ्लॅशला नारिंगी जेल लावून त्याचा चेहरा समोरून उजळलेला असतो. तो बघून म्हणेल, “मामा, जाळ हिकडं कुठं असतोय?” खरंच आहे. बहुतेक गुऱ्हाळांत चुलाणाचं तोंड खालच्या अंगाला, दुसऱ्या बाजूला असतं. चिपाडं सारणाऱ्याच्या तोंडावर जाळाचा उजेड पडतो. काहिलीपाशी उभ्या माणसाला जाळ दिसतसुद्धा नाही. म्हणजे तो नारिंगी उजेड खोटा, आणि परीक्षकाला गुऱ्हाळ माहीत नसलं तरी ‘कायतरी जुळत नाही’ एवढं जाणवतंच. नारिंगी उजेड हवा असेल तर चिपाडं सारणाऱ्याचा फोटो काढा. तिथं जेलचीसुद्धा फारशी गरज लागणार नाही.

दुसरा माणूस असा शोधा ज्याला हा विषयच अनोळखी आहे. आपल्या भागातल्या माणसाला काहील, चुलाण, चिपाड माहीत असतं. फोटोत जे दिसत नाही तेही तो मनानं भरून घेतो. परीक्षक बंगळूरचा असेल, कोलकात्याचा असेल. गोव्यात वाढलेला पाहुणा, दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेला सहकारी, अशांना विचारा: “यात काय चाललंय?” त्यांना सांगता आलं तर फोटो पुढं जाईल. “कसलातरी कारखाना आहे, आग लागलीय वाटतं,” असं उत्तर आलं तर तेही खरंच समजा आणि उजेड कुठं कमी-जास्त करायचा याचा विचार सुरू करा.

व्हॉट्सॲपवर आलेलं मत कशाबद्दल आहे?

फोटो नेहमीसारखा व्हॉट्सॲपवर टाकला की तो दाबला जातो. अंधारातून उजेडाकडं जाणाऱ्या हळुवार छटांचे पट्टे पडतात, आणि तुमच्या फोटोचा जीव तर त्याच छटांत असतो. निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. त्यात बघणाऱ्याच्या मोबाईलवर रात्रीचा पिवळा फिल्टर चालू असतो, ब्राइटनेस एक तर पूर्ण नाहीतर अगदी कमी. सावलीतला तपशील कुणाला दिसतो, कुणाला दिसत नाही, आणि तुम्हाला दोन उलट मतं मिळतात. दोघंही खरंच सांगत असतात.

शक्य असेल तर एकाच नीट लावलेल्या मॉनिटरवर, शेजारी बसून दाखवा. फाईल एसआरजीबी या पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत काढा आणि स्पर्धेच्या मापात छोटी करून मगच दाखवा. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीच्या मान्यतेनं होणाऱ्या बऱ्याच डिजिटल सलॉनांत, म्हणजे फोटोस्पर्धांत, रुंदी जास्तीत जास्त १९२० आणि उंची १०८० पिक्सेल असते. याचा फटका उभ्या फोटोला बसतो. आडवा फोटो पडदाभर दिसतो, उभा मधोमध आक्रसून. चित्ररथावर मावळ्याच्या वेशात उभ्या पोराच्या डोळ्यातला तो बारीक चमकता ठिपका मूळ फाईलमध्ये सुंदर दिसतो आणि १०८० मध्ये नाहीसा होतो. मत घ्यायचं ते त्या छोट्या फाईलवर.

शेरा आणि त्यामागचं दुखणं

लोक दुखणं बरोबर ओळखतात, औषध मात्र चुकीचं सांगतात. “कॉन्ट्रास्ट वाढव”, “जरा डार्क कर” हे त्यांचे उपाय झाले. ते लिहून ठेवा, पण लगेच स्लायडर ओढू नका. त्यांना नेमकं काय खटकलं ते शोधा.

“माणूस चिकटवल्यासारखा वाटतोय” असं कुणी म्हटलं तर बहुतेक वेळा फ्लॅश आणि आजूबाजूचा उजेड यांचा मेळ बसलेला नसतो. एक तर फ्लॅशची ताकद जास्त, किंवा रंग वेगळा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड नारिंगी. उघडा फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा, ज्वाला २००० च्या आसपास. पूर्ण सीटीओ, म्हणजे नारिंगी, जेल लावूनही फ्लॅश ३२०० च्या घरातच येतो, म्हणून जाळाशेजारी तो पांढुरका दिसतो. दीडपट-दुप्पट जेल लावा, किंवा फ्लॅश कमी करून शटर हळू करा म्हणजे जाळाचा खरा उजेडही फोटोत शिरेल.

“मागचं फार दिसतंय” याचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. फ्लॅश माणसाच्या जवळ न्या आणि ताकद कमी करा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. माणूस फ्लॅशपासून १ मीटरवर आणि भिंत २ मीटरवर असेल तर भिंतीवर दोन स्टॉप कमी, म्हणजे चौथा हिस्साच उजेड पडतो. तोच फ्लॅश माणसापासून ४ मीटर लांब नेला की भिंत ५ मीटरवर येते आणि दोघांत फारसा फरक राहत नाही. फ्लॅश जवळ नेणं गर्दीच्या अरुंद बोळातही जमतं.

“वाफ कुठाय?” म्हणाले तर उजेड समोरून मारलाय. वाफ, धूर, उडता भंडारा हे सगळं मागून किंवा तिरक्या बाजूनं उजळतं, आणि त्याच्यामागं काळोख असावा लागतो.

“खेळणं वाटतंय” हा शेरा दिवाळीच्या किल्ल्यांवर हमखास येतो. टॉर्च वरून धरलेली असते. ती जमिनीलगत, बुरुजाच्या बाजूनं धरा आणि कॅमेराही शिपायांच्या डोळ्यांपर्यंत खाली न्या. मग लांब सावल्या पडतात आणि हातभर मातीला गडाची उंची येते.

मिरवणुकीच्या फोटोत आडवे पट्टे दिसले तर तो कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. एलईडी पडद्याचं गणित वेगळं असतं, तिथं शटर हळूहळू कमी करत, पट्टे जाईपर्यंत तपासत राहावं लागतं.

शेवटच्या दिवशी विचारणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. रंग, कातरणी, थोडा उजेड-अंधार हे बसल्या जागी सुधारता येतं. उजेडाची दिशा सुधारता येत नाही. त्यासाठी परत जाऊनच फोटो काढावा लागतो. आणि आपले विषय थांबत नाहीत. गुऱ्हाळं ऊस आहे तोवर, म्हणजे दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत. किल्ले दिवाळीच्या चार-पाच दिवसांत. बेळगावची शिवजयंती वैशाखात, आणि चित्ररथांची ती रात्र चुकली की वर्षभर थांबायचं. म्हणून स्पर्धेची तारीख बघून मत घेऊ नका, हंगाम बघून घ्या. गुऱ्हाळावर पहिल्या फेरीचे साधे, न सजवलेले फोटो त्याच आठवड्यात दाखवा आणि परत जा. मिरवणुकीत तर परत जायची सोय नाही, तेव्हा आदल्या दिवशी चित्ररथ सजत असताना चाचणी फोटो काढून तेच कुणालातरी दाखवा.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ठिणग्यांसाठी स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तारांचा गोळा, पेटवून फिरवायचा विचार असेल तर सल्ला त्या जागेच्या मालकाचा घ्या. गुऱ्हाळाच्या आवारात वाळलेल्या चिपाडाचे ढीग असतात, शेजारी उसाचा फड असतो. तो ‘नको’ म्हणाला की विषय संपला. खानापूरच्या जंगलाकडं तर हा प्रकार करूच नका.

सगळ्यांचं ऐकलं की फोटो कुणाचाच राहत नाही

चार मतं आली म्हणून चारही बदल करायचे नसतात. एकच गोष्ट दोघा-तिघांना स्वतंत्रपणे खटकली तर ती दुरुस्त करा. एकालाच खटकली असेल तर दोन दिवस ठेवून द्या आणि मग स्वतः बघा. मतं एका खोलीत एकत्र घेऊ नका. पहिला बोलला की बाकीचे त्याच्या मागं जातात. आणि तुम्ही मुद्दाम केलेला काळोख कुणाला ‘अंडर’, म्हणजे उजेड कमी पडलेला, वाटला तर लगेच घाबरू नका. नजर जिथं न्यायची होती तिथं जात असेल तर तो काळोख राहू द्या.

तारीख जवळ आली की सौंदर्यावरची मतं थांबवा. आता फक्त नियम वाचून दाखवायला एक माणूस हवा. फोटोवर नाव किंवा वॉटरमार्क राहिलाय का? मोनोक्रोम विभागात पाठवताना सगळा फोटो काळापांढरा करून जाळ तेवढा नारिंगी ठेवलाय का? एकच भाग रंगीत ठेवलेला फोटो फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाच्या नियमानं रंगीत विभागात जातो. दोन फोटो जोडलेले चालतात का, एआयनं काही भरलंय का, हे त्या विभागाच्या नियमात बघा. आणि रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाईल, पुसू नका. फोटो पुढच्या फेरीत गेला तर आयोजक ती मागू शकतात.