एकट्यानं लाइव्ह संगीत ऐकायला जाताना: आधी जागा निवडा, कलाकार नंतर

अंतर्मुख माणसाला कार्यक्रमाला जायचं म्हटलं की गर्दीची धास्ती वाटते. पण संगीत सुरू असताना कुणी कुणाशी फारसं बोलत नाही, सगळे एकाच दिशेला बघत असतात. माणूस दमतो तो इतर वेळी: दारापुढच्या रांगेत, दोन कलाकारांमधल्या रिकाम्या अर्ध्या तासात आणि 'आता निघावं का?' या घालमेलीत. या तिन्हींवर घरूनच तोडगा काढता येतो.

जागा हेरणं

आवडत्या कलाकारांच्या मागे शहरभर धावण्यापेक्षा पाच-सहा जागा निवडा आणि त्यांच्या कार्यक्रमांच्या यादीवर लक्ष ठेवा. ओळखीच्या जागेत अनोळखी कलाकार खपून जातो. अनोळखी जागेत मात्र स्वच्छतागृह कुठे, उभं कुठे राहायचं, यातच निम्मा कार्यक्रम निघून जातो.

जाहिरातीच्या फोटोंवरून जागेचा अंदाज येत नाही. अनेक जागा आपल्या संकेतस्थळावर बँडसाठी तांत्रिक माहितीपत्रक ठेवतात, त्याला 'टेक स्पेक' म्हणतात. प्रेक्षकांपैकी फारसं कुणी ते उघडत नाही, पण प्रेक्षकक्षमता, मंचाचं माप, साउंड डेस्कची (आवाज जुळवायच्या टेबलाची) जागा, कधी कधी पूर्ण नकाशाही त्यात सापडतो. दुसरं उपयोगी पान दिव्यांग प्रेक्षकांसाठीचं. बसायची सोय, कमी गर्दीचं दार, शांत खोली असेल तर ती कुठे, हे तिथे नेमकं लिहिलेलं असतं. बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडतात का, हेही आधीच बघून ठेवा. अनेक ठिकाणी सोडत नाहीत, आणि मोकळी हवा घ्यायला बाहेर गेल्यावर ते कळणं फार महागात पडतं.

'लहान जागा म्हणजे सोपी जागा' हा समज पहिल्याच खेपेला नडतो. तीस जणांच्या घरगुती मैफलीत यजमान प्रत्येकाची विचारपूस करतो, गाणाऱ्याची नजर थेट तुमच्यावर पडते आणि मध्येच उठलात तर ते सगळ्यांना दिसतं. ओपन माइकला, म्हणजे कुणीही मंचावर येऊन सादर करू शकतं अशा कार्यक्रमाला, तर शेजारचा 'तुम्ही काय सादर करणार?' असं विचारतोच. सुरुवातीला ३०० ते ६०० क्षमतेची जागा बरी. तिथे तुम्ही कुणाच्या लक्षात येत नाही, तरी दार नजरेच्या टप्प्यात राहतं. २,०००च्या वर गेलं की तपासणी, सामानघर आणि बाहेर पडणं, प्रत्येक ठिकाणी रांग.

याला एक अपवाद: फक्त ऐकण्यासाठी असलेल्या 'लिसनिंग रूम'. १९८२ साली सुरू झालेल्या अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत जेमतेम ९० जण बसतात, पण गाणं चालू असताना गप्प राहायचं हा तिथला नियमच आहे. अशी जागा लहान असली तरी बोलण्याचा तगादा नसतो.

जॅझ क्लबमध्ये टेबलं बहुधा सामायिक असतात आणि एकट्या माणसाला अनोळखी चौकडीत बसवलं जातं. आरक्षण करतानाच बारच्या काउंटरची खुर्ची मागा. अनेक क्लबांमध्ये रात्री दोन स्वतंत्र सेट (वादनाचे भाग) होतात, प्रत्येकी तासा-सव्वातासाचे. एकाचंच तिकीट काढलं की संध्याकाळीला आपोआप मर्यादा पडते.

तिकीट आणि वेळ

बसून ऐकायच्या सभागृहात रांगेच्या टोकाची, वाटेलगतची खुर्ची घ्या. एकट्याला एक फायदा असा की सगळी तिकिटं संपल्यासारखी दिसली तरी मधे सुटी राहिलेली एखादी खुर्ची बरेचदा मिळते. शिवाय आयोजकांनी राखून ठेवलेल्या जागा कधी कधी कार्यक्रमाच्या दिवशी खुल्या होतात, म्हणून दुपारी एकदा पुन्हा बघा.

तिकिटावरची वेळ बहुतेक वेळा दार उघडण्याची असते. पहिला कलाकार त्यानंतर साधारण तासाभरानं येतो, ३० ते ४५ मिनिटं वाजवतो, मग वाद्यं बदलायला २० ते ३० मिनिटं जातात आणि मुख्य कलाकार त्यानंतर. नेमक्या वेळा त्याच दिवशी जागेच्या किंवा बँडच्या पानावर येतात. पहिला कलाकार सुरू होण्याच्या १५-२० मिनिटं आधी पोहोचा. दारावरची पहिली झुंबड ओसरलेली असते आणि चांगल्या जागा अजून भरलेल्या नसतात. मुख्य कलाकाराच्याच वेळेला गेलात तर भरलेल्या सभागृहात माणसं बाजूला सारत शिरावं लागतं, आणि तेच टाळायचं होतं.

मधल्या रिकाम्या वेळात स्वच्छतागृहाकडे सगळेच धावतात. तुम्ही पहिल्या कलाकाराचं शेवटचं गाणं सुरू झालं की जाऊन या. टी-शर्ट किंवा रेकॉर्ड घ्यायची असेल तर तीही याच सुमारास घ्या. कार्यक्रमानंतर त्या टेबलाशी कलाकार स्वतः उभा असण्याची शक्यता असते, आणि त्याच्याशी काय बोलायचं हा प्रश्न घेऊन रांगेत उभं राहणं सगळ्यांनाच झेपतं असं नाही.

उभं कुठे राहायचं

साउंड डेस्क शोधा. सभागृहाच्या मध्यरेषेवर किंवा तिच्या जवळपास, मागच्या अर्ध्या भागात, कठड्यानं वेढलेलं ते टेबल असतं. साउंड इंजिनिअर तिथूनच ऐकून आवाज जुळवतो, त्यामुळे आवाजाचा तोल तिथे सगळ्यात चांगला. शिवाय कठडा एका बाजूनं तुमची पाठराखण करतो, तिकडून कुणी रेटत नाही. कठड्यावर पेला ठेवू नका आणि इंजिनिअरच्या समोर उभं राहून त्याची नजर अडवू नका.

बाल्कनीच्या खाली मागे सरकलात तर गर्दी कमी मिळेल, पण वरचे सूर दबून आवाज गढूळ होतो. भिंतीलगत आणि कोपऱ्यात खर्ज फुगतो, छातीत धडधडतं. मंचाच्या दोन्ही कडांना, स्पीकरच्या तोंडाशी, आवाज सगळ्यात जास्त. बारजवळ गप्पा, स्वच्छतागृहाच्या वाटेवर सतत ये-जा. बाल्कनीची पहिली रांग मिळाली तर ती बिनधास्त घ्या.

पुढे उभे असताना गर्दी दाटून हात वर घेणंही कठीण व्हायला लागलं, तर गाणं संपायची वाट बघू नका. दोन्ही हात छातीसमोर धरा आणि रेटा ओसरेल तेव्हा तिरकं, कडेच्या दिशेनं सरका. लोंढ्याच्या विरुद्ध मागे ढकलत गेलात तर नुसती ताकद जाते.

कान

गोंगाटानंही थकवा येतो, आणि तो आपण उगाच गर्दीच्या नावावर खपवतो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ९४ला एक तास, १००ला जेमतेम १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी १०० डेसिबलची सरासरी ही वरची मर्यादा सुचवली. म्हणजे मर्यादा पाळणाऱ्या जागेतही दोन तास उघड्या कानांनी थांबणं बरं नाही.

कानात घालायचे फोमचे बोळे स्वस्त असतात, पण वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळे गाणं रजईआडून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग सगळे सूर जवळजवळ सारखेच, साधारण १५ ते २० डेसिबलनं कमी करतात. फोमचे घालायचे असतील तर बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि २०-३० सेकंद बोटानं दाबून धरा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की बसला. अर्धवट बसलेला बोळा नसल्यातच जमा, आणि बहुतेकांचा तसाच बसलेला असतो.

प्लगचा दुसरा उपयोग असा की शेजारचा गप्पा मारू लागला तर कानाकडे बोट दाखवून हसलं की काम भागतं. नाहीतर 'गाणं ऐकतोय, नंतर बोलू' एवढं पुरे. त्यात उद्धटपणा काही नाही.

निघणं

आत शिरल्यावर लगेच दुसरं दार शोधून ठेवा. बहुतेक माणसं आली त्याच वाटेनं बाहेर पडतात, त्यामुळे बाजूचं दार कार्यक्रम संपल्यावर उघडलं तर मोकळं मिळतं. सामानघर टाळायचं असेल तर पिशवी खांद्याला लटकण्याएवढीच न्या. मुख्य कार्यक्रम संपून कलाकार आत जातो आणि टाळ्यांवर एक ते तीन गाण्यांसाठी परततो. निघायची सोयीची घडी त्या टाळ्यांमध्ये. तिथपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. चार गाण्यांनंतर दमलात तर दोन गाण्यांच्या मधे निघा.

घरी आल्यावर तीन गोष्टी टिपून ठेवा: कुठे उभे होता, कितव्या मिनिटाला थकलात, कानात शिट्टी वाजतेय का. वाजत असेल तर आवाज जास्त झाला होता. पुढच्या खेपेला त्याच जागेत स्पीकरपासून लांब उभे राहा. नवी जागा त्यानंतर.