नमुन्यातून टक्केवारी काढायची असेल, तर आधी एवढं करून ठेवा

फॉर्म छापायला टाकण्याआधी कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: कोणांपैकी किती जण काय करतात, हे शोधायचंय. 'वाचनालयाच्या सभासदांपैकी किती जणांनी गेल्या 30 दिवसांत निदान एक पुस्तक घरी नेलं' हे वाक्य चालेल. 'लोक वाचतात का' हे चालणार नाही. 'पैकी'च्या अलीकडे जे येतं ती तुमची समष्टी, पलीकडे येतो तो गुणधर्म, आणि त्याला हो किंवा नाही असं उत्तर देता आलंच पाहिजे. 'आठवत नाही' म्हणणाऱ्याला कुठे टाकायचं हेही आजच ठरवून लिहून ठेवा. आकडे डोळ्यांसमोर आल्यावर हा निर्णय प्रामाणिकपणे घेणं फार अवघड जातं.

मग यादी मिळवा आणि तिच्यावर संशय घ्या. समष्टी तुमच्या वाक्यात असते, यादी हातात असते, आणि दोन्ही तंतोतंत जुळल्याचं मी तरी क्वचितच पाहिलंय. कोण सुटलंय, कोण दोनदा आलंय, कोण केव्हाच सोडून गेलंय, हे तपासायला वेळ राखून ठेवा. अमेरिकेतल्या 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, 20 लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून तेव्हाचे अध्यक्ष आणि पुन्हा उमेदवार असलेले रूझवेल्ट हरणार असं भाकीत केलं. रूझवेल्टना सुमारे 61 टक्के मतं पडली. पत्ते मोठ्या प्रमाणात टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या नोंदींतून घेतले होते, आणि मंदीच्या काळात ही दोन्ही खात्यापित्या घरांची लक्षणं होती. त्यात उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या मतांतही फरक होता. 20 लाखांचा नमुना या दोन्ही दोषांपुढे काही करू शकला नाही. नमुना कितीही वाढवला तरी एकांगीपणा जागच्या जागी राहतो; उलट चुकीच्या आकड्याबद्दलचा आत्मविश्वास तेवढा वाढतो.

निवड यादृच्छिक हवी, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता आधीपासून माहीत हवी. संगणकाकडून क्रमांक काढून घ्या. दारात उभं राहून जो भेटेल त्याला विचारणं ही यादृच्छिक निवड नाही, कारण 'जो भेटेल तो' हा बहुधा नेहमी येणाराच असतो.

किती जणांना विचारायचं, हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. त्याची पाळी खरं तर आत्ता येते. सूत्र सोपं आहे: 1.96 चा वर्ग, गुणिले p(1−p), भागिले चालेल तेवढ्या चुकीचा वर्ग. इथे p म्हणजे समष्टीतलं 'हो'चं प्रमाण, 0 ते 1 मध्ये मोजलेलं; चूकही तशीच, म्हणजे 5 टक्क्यांसाठी 0.05; आणि 1.96 हा आकडा 95 टक्के विश्वासपातळीचा. p माहीत नसेल तर 0.5 धरा, कारण तिथे p(1−p) सर्वांत मोठं, 0.25, असतं आणि नमुना कमी पडत नाही. 95 टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे असे 100 नमुने घेतले तर साधारण 95 वेळा चूक या मर्यादेत राहील) ±5 टक्क्यांसाठी 385 जण लागतात, ±3 साठी 1068, ±2 साठी 2401. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट. समष्टी 20 लाखांची असो की 2 कोटींची, या आकड्यांत फरक पडत नाही, आणि हे ऐकून भलेभले वाद घालतात. समष्टी लहान असेल तर मात्र सूट मिळते: 2000 जणांत 385 ऐवजी 323 पुरतात.

पण ही नुसती सुरुवात झाली. साधारण 60 टक्केच उत्तर देतील असं वाटत असेल, तर 385 उत्तरांसाठी 642 जणांपर्यंत पोचण्याची तयारी ठेवा, आणि न बोलणाऱ्यांकडे पुन्हा जाण्यासाठी दिवस राखा. गट निवडून त्यातल्या सगळ्यांना विचारणार असाल, तर एकाच गटातली माणसं एकमेकांसारखी असतात हे विसरू नका. 20-20 चे गट आणि गटातल्या माणसांमधलं साम्य (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे सगळे अगदी सारखे) अवघं 0.05 असलं, तरी नमुना जवळजवळ दुप्पट लागतो. उपगटांचे निष्कर्ष हवेत का, हेही आत्ताच ठरवा. एकूण 400 मधल्या 50 तरुणांवरून बोलाल तर चूक ±14 टक्क्यांपर्यंत जाते.

आता 20-25 जणांवर पथदर्शी पाहणी, म्हणजे फॉर्मची छोटी रंगीत तालीम. हा टप्पा कधीच गाळू नका. एकदा मी गाळला होता. फॉर्ममध्ये 'लागू नाही' ठेवायचं राहून गेलं, लोकांनी त्या जागी 'नाही'वर खूण केली, आणि छेदात कोण धरायचं हेच शेवटपर्यंत कळेना. प्रश्न अडचणीचा असेल तर सरळ उत्तर मिळणार नाही. अशा वेळी 1965 मध्ये वॉर्नर यांनी मांडलेली यादृच्छिक उत्तराची पद्धत वाचून ठेवा: चिठ्ठी ठरवते की माणूस मूळ विधानाला उत्तर देतोय की उलट विधानाला, चिठ्ठी विचारणाऱ्याला दिसत नाही, तरी एकूण प्रमाण काढता येतं. किंमत एवढीच की नमुना बराच मोठा लागतो.

गणिताची तयारी थोडक्यात होते. (मराठीत 'प्रमाण' हा शब्द दोन कामं करतो, प्रपोर्शनचं आणि स्टँडर्डचं, म्हणून मी इथे स्टँडर्ड एररच म्हणतो: नमुना बदलला की अंदाज साधारण किती हलेल, त्याचं माप.) 400 पैकी 128 'हो' आले तर अंदाज 32 टक्के, स्टँडर्ड एरर 2.33, आणि अंतराल, म्हणजे अंदाजाच्या दोन्ही बाजूंना 1.96 स्टँडर्ड एरर इतका पट्टा, 27.4 ते 36.6 टक्के. पण 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एकाची संख्या 10 च्या खाली गेली, की हे नेहमीचं सूत्र बाजूला ठेवा. 60 पैकी 3 ला ते लावून बघा, खालची मर्यादा शून्याच्याही खाली, उणे अर्ध्या टक्क्यावर जाते. 1927 मधलं विल्सन यांचं सूत्र तिथे 1.7 ते 13.7 टक्के असं समंजस उत्तर देतं. ते आधीच तक्त्यात घालून ठेवा. 60 पैकी एकही 'हो' आला नाही तरी प्रमाण शून्य म्हणू नका: अशा वेळी '3 भागिले नमुना' हा ढोबळ नियम वापरतात; 3 भागिले 60, म्हणजे 5 टक्क्यांपर्यंत ते असू शकतं.

शेवटचं काम पाहणीच्या आदल्या दिवशी करा. अहवालातलं मुख्य वाक्य रिकाम्या जागांसह लिहा: 'निवडलेल्या ___ पैकी ___ जणांनी उत्तर दिलं, त्यांतल्या ___ टक्क्यांनी हो म्हटलं, 95 टक्के अंतराल ___ ते ___.' मनाने रचलेले 10 फॉर्म तक्त्यात भरा आणि सगळ्या जागा भरतात का पाहा. एखादी रिकामी राहिली, तर फॉर्म अजून छापखान्यात पाठवू नका.