बारोलो घ्यायची, पण खिसा सांभाळून

दुकानात शिरण्याआधी बाटली कधी उघडणार ते ठरवा. बाकी सगळा हिशेब त्यावरूनच मांडता येतो. याच आठवड्यात जेवणाबरोबर घ्यायची असेल, तर नामांकित टेकडीची, नुकतीच बाजारात आलेली बारोलो म्हणजे पैसे पाण्यात. नेब्बिओलो द्राक्षाची ही इटालियन लाल वाइन ग्लासात इतकी फिकट दिसते की नवख्याला ती हलकी वाटते. पहिल्याच घोटाला हिरड्या आवळतात. हा तुरटपणा निवायला वर्षं लागतात. द्राक्षं तोडली त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने ती मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. रिझेर्वा म्हणवायचं तर ६२ महिने. उत्पादकाचं भांडवल तीन वर्षांहून जास्त अडकतं, आणि त्याचं व्याज शेवटी आपणच भरतो.

मग लेबल वाचायची तयारी करा. इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतात, लांगे टेकड्यांमधल्या ११ गावांच्या हद्दीतलीच वाइन बारोलो म्हणून विकता येते. २०१० पासून तिथल्या टेकड्यांची नावंही अधिकृत झाली. कान्नुबी, ब्रुनाते ही नावं लेबलवर आली की किंमत उडी मारते. त्यातला बराचसा पैसा नावाचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी चांगल्या उत्पादकाची, टेकडीचं नाव नसलेली बाटली शोधा. वायरा घराण्याची ‘आल्बे’, व्हिएत्तीची ‘कास्तिल्योने’ अशाच, अनेक मळ्यांची द्राक्षं एकत्र करून केलेल्या. ही तडजोड नव्हे; लांगेतली जुनी रीत हीच, आणि बारोलोचा नावाजलेला उत्पादक बार्तोलो मास्कारेल्लोने ती शेवटपर्यंत सोडली नाही. लवकर प्यायची असेल तर ला मोर्रा किंवा वेर्दुनो या गावांकडची बघा, सेर्रालुंगा गावची जास्त तुरट बाटली ठेवून द्यायला बरी. तोडणीच्या सालाचंही तसंच. २०१६ चा गवगवा झाला, भावही तसाच चढला. २०१८ जरा हलकं साल; चांगल्या हातची असेल तर तीच आधी प्यायला गोड लागते.

दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: याच उत्पादकाची लांगे नेब्बिओलो आहे का? बारोलोच्या मळ्यांतल्या तरुण वेलींची द्राक्षं पुष्कळदा हिच्यात जातात. तिला इतकं मुरवण्याची सक्ती नाही, त्यामुळे किंमत बारोलोच्या निम्म्यावरही येते. पहिल्यांदाच चाखणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

यादीत बार्बारेस्को न विसरता लिहा. द्राक्ष तेच, गाव आल्बा शहराच्या पलीकडचं, मुरवणं २६ महिने. त्यातही ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाला हे प्रकरण लगेच कळेल, कारण ही सहकारी संस्था आहे. १९५८ साली गावच्या पाद्र्याने १९ लहान बागायतदार एकत्र आणले आणि ती उभी राहिली. सभासदाने आपलं सगळं नेब्बिओलो इथेच घालायचं, आणि पैसे द्राक्षाच्या प्रतीवर. चांगल्या सालात ते नऊ टेकड्यांच्या नऊ वेगळ्या रिझेर्वा काढतात. ज्या साली काढत नाहीत, त्या साली ती द्राक्षंही साध्या बाटलीत जातात, म्हणून त्या सालची साधी बाटली दिसली तर फार विचार करू नका. उत्तरेकडच्या गात्तिनारावरही नजर टाका. तिथेही नेब्बिओलोच, फक्त नावाचा दबदबा कमी.

इटलीहून भारतात आणायची असेल तर गणित सोपं आहे. ड्यूटी न भरता दोन लिटर आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात. आयात वाइनवरची जबर कस्टम ड्यूटी बघता या दोन जागा भारी बाटल्यांसाठीच राखा, स्वस्तातली तिथेच पिऊन या. सामान चेक-इनमध्ये, बाटली कपड्यांत गुंडाळून. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवू नका, पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात ती तिथे शिजेल. वाइनचा फ्रिज नसेल तर उन्हाळ्याआधी संपवा.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, गाळ तळाशी बसतो. दोन-तीन तास आधी बूच काढा, मोठ्या तोंडाचे ग्लास काढून ठेवा, १६ ते १८ अंशांवर येऊ द्या. सोबत मंद आचेवर शिजलेलं मटण, कमी तिखटाचं. तांबड्या रश्श्याबरोबर नको, कारण मिरची आणि तुरटपणा एकत्र आले की दोन्ही जास्त बोचतात. आणि पिएमोन्तेतला ब्राझातो, म्हणजे वाइनमध्ये शिजवलेलं मांस, करून बघायचा बेत असेल, तर पातेल्यात ओतायला दुसरी, स्वस्त लाल वाइन आणा.