टॅलीत जुनी वर्षं स्प्लिट करताय? आधी खाती साफ करा, या चुका टाळा

एप्रिल उजाडला की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढ्यांवर एकच घोषा: टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) जड झालंय, जुनी वर्षं वेगळी काढा, म्हणजेच डेटा स्प्लिट करा. हळदीचा हंगाम तेव्हा भरात असतो, म्हणजे ३१ मार्चला निम्मे चेक वटायचे बाकी. तरी ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाक्यांची यादी) जुळला की लोक स्प्लिट मारून मोकळे.

सर्वांत महागात पडतात त्या 'ऑन अकाउंट' जमा. पैसे आले की बिल न निवडताच नोंद करायची, नंतर बघू म्हणायचं. एका बेदाण्याच्या पेढीवर खरेदीदाराची बिलं ४,८०,००० ची आणि ऑन अकाउंट जमा ४,५०,०००. येणे बाकी ३०,०००, अगदी बरोबर. स्प्लिटनंतर टॅलीतल्या नव्या कंपनीत, म्हणजे नव्या वर्षाच्या वेगळ्या डेटात, सगळी बिलं थकीत आली आणि जमा एका ओळीत बाजूला पडली. नव्या कारकुनानं बिलवार यादी पाहून पूर्ण ४,८०,००० वर व्याज लावलं. खरेदीदार पावत्यांचा गठ्ठा घेऊन पेढीवर हजर! कोणती रक्कम कोणत्या बिलाची हे लावण्यात आठवडा गेला.

म्हणून आधी आउटस्टँडिंगमधून (येणे-देणे बाकीच्या यादीतून) एकेक खातं उघडा आणि जमेची नोंद ऑल्टर करून 'अगेन्स्ट रेफ'नं त्या बिलाला लावा. तारीख, रक्कम जशीच्या तशी ठेवा, म्हणजे बाकी हलत नाही. दिवसाला २५-३० खाती पुरे. एका रात्रीत उरकणारे सकाळी नवा घोळ घालून ठेवतात.

दुसरा उद्योग नावांचा. व्यवहार असलेलं खातं टॅली डिलीट करू देत नाही, म्हणून काही वीर आधी व्हाउचरच (व्यवहाराच्या नोंदीच) उडवतात. मग ऑडिट झालेला ताळेबंद पुन्हा कधी जुळत नाही. काही जण बंद शेतकऱ्याच्या खात्याला नव्याचं नाव देतात. पण नाव मागच्या सगळ्या वर्षांत बदलतं! बंद खात्यांसाठी वेगळा ग्रुप करा, विषय संपला.

दोन-चार रुपयांच्या बाक्या जर्नल नोंदीनं कसर-वटाव (किरकोळ फरकाच्या) खात्याला टाका. सस्पेन्स, म्हणजे खुलासा न झालेल्या रकमांचं खातं, शून्य करा. न वटलेल्या चेकची यादी छापून ठेवा.

स्प्लिटआधी व्हेरिफाय (टॅलीची डेटा तपासणी) चालवा, तिथले इशारे एंटर मारत ओलांडू नका. बॅकअप त्याच डी ड्राइव्हवर ठेवणं म्हणजे न ठेवणंच. तो दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून ३१ मार्चच्या बाक्या ताडून पाहा. जीएसटीसाठी हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, पेढी नोंदणीकृत कंपनी असेल तर ८ आर्थिक वर्षं. तेव्हा जुना डेटा फॉरमॅटच्या वाटेवर ठेवू नका.