घरच्या वर्कशॉपसाठी बँडसॉ: घेण्याआधी आणि खोका फोडल्यावर

बँडसॉ (दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणाऱ्या लांब ब्लेडची मोटरवरची करवत) घ्यायचाय म्हटलं की सगळे पहिलं विचारतात "कुठल्या कंपनीचा घेऊ?" माझ्या मते हे सगळ्यात शेवटी विचारायचं, आधी ठरवा की कापणार काय. खेळणी, नक्षीच्या गोलाया, चौरंगाचे पाय एवढंच असेल तर टेबलावर बसणारं ८-१० इंची मशीन बास झालं. पण जाड सागवान उभं चिरून पातळ फळ्या काढायच्या असतील तर १४ इंचीच्या खाली जाऊ नका. मी गेलो होतो. पाडलेल्या वाड्याचे ४ इंची सागाचे वासे स्वस्तात मिळाले म्हणून हौसेनं ९ इंची मशीन आणलं आणि त्याची कापायची उंची निघाली साडेतीन इंच, म्हणजे ज्याच्यासाठी मशीन घेतलं तेच त्यात जाईना!

तर हा आकडा नीट समजून घ्या. १४ इंची म्हणजे चाकाचा व्यास १४ इंच, त्यामुळे ब्लेड आणि खांबाच्या मध्ये साधारण साडेतेरा इंच जागा मिळते. कापायची उंची वेगळी, ती वेगळीच विचारायची. बिडाच्या जुन्या पद्धतीच्या १४ इंचीत ६ इंच मिळते, खांबात रायझर ब्लॉक (उंची वाढवणारा ठोकळा) टाकला की १२ होते, पण मग ब्लेडची लांबी साडेत्र्याण्णव इंचावरून १०५ वर जाते आणि आधीची सगळी ब्लेडं बाद, त्यामुळे रायझर टाकायचाच असेल तर पहिल्या दिवशीच टाका.

मोटर १ एचपी चालते, चिराई जास्त असेल तर दीड घ्या. घरच्या सिंगल फेजवर दीड एचपी आरामात चालते पण १६ अँपियरचं सॉकेट, नीट अर्थिंग आणि जवळचा पॉइंट पाहिजे, बारीक वायरच्या लांबलचक एक्स्टेन्शनवर लावलंत तर व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. कारखान्यातलं जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून उचलायच्या आधी मोटरवरची पाटी वाचा, ४१५ व्होल्ट थ्री फेज लिहिलं असेल तर मोटर बदलायचा किंवा व्हीएफडीचा (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचा) खर्च धरा आणि इलेक्ट्रिशियनला विचारूनच पुढे जा. आणि अमेरिकेतला चुलतभाऊ "कंटेनरमध्ये टाकून पाठवतो" म्हणाला तरी हुरळू नका, तिकडची मोटर १२० व्होल्ट ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे २३० आणि ५०.

बघायला मुंबईत नागदेवीचा मशीन-हत्यारांचा बाजार आहे, पुण्यात बोहरी आळीत चक्कर मारता येते, आणि राजकोटची मशीनं तर सगळीकडेच येतात. भावात १८ टक्के जीएसटी आणि वाहतूक धरलीये का ते आधीच विचारा, १४ इंची मशीन वजनदार असतं आणि टेम्पोवाला गेटपाशी उतरवून निघून जातो. दुकानात प्लग काढायला लावा, झाकणं उघडा आणि चाक हातानं फिरवा, ते डुगडुगतंय का, चाकावरचं रबर कुठे फुगलंय का बघा. टेबलावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का बघा. आणि त्या लांबीचं ब्लेड गावात कोण जोडून देतं हे विचारा, कारण ब्लेड दर थोड्या दिवसांनी लागतंच.

खोका फोडल्यावर लगेच बटण दाबायचं नाही. टेबलावरचं गंज न लागण्याचं ग्रीस रॉकेलनं पुसा, मेण घासा, आणि प्लग बाहेर ठेवूनच पुढचं सगळं करा. नवीन ब्लेडची वेटोळी सोडताना चष्मा आणि हातमोजे घाला, ती सापासारखी उसळते. (हातमोजे फक्त इथेच, मशीन चालू असताना कधीच नाही.) दात खाली टेबलाकडे आणि तुमच्याकडे बघत असले पाहिजेत, कसंही फिरवून ते वरच बघत असतील तर ब्लेड उलटं झालंय, आतलं बाहेर काढा. साइड गाइड (ब्लेडला दोन्ही बाजूंनी आधार देणारे) आणि ब्लेडमागचं बेअरिंग दोन्ही लांब सरकवून ब्लेडला थोडा ताण द्या, वरचं चाक हातानं फिरवत ते चाक तिरकं करायचा मागचा नॉब थोडा थोडा पिळा, ब्लेड चाकाच्या मध्यावर स्थिर पळायला लागेपर्यंत. मग पूर्ण ताण. मी गाइड टेबलापासून ६ इंच वर घेतो आणि बोटानं ब्लेड बाजूला ढकलून बघतो, पाव इंचाच्या आसपास वाकलं तर ठीक, जास्त वाकलं तर सैल.

गाइड सगळ्यात शेवटी. बाजूच्या गाइडची पुढची कड दातांमधल्या खाचेच्या किंचित मागे, ब्लेड आणि गाइडच्या मध्ये दहाची नोट जेमतेम सरकेल एवढी फट. मागचं बेअरिंग ब्लेडपासून अर्धा मिलिमीटर लांब, नुसतं मशीन चालू असताना ते फिरता कामा नये, लाकूड ढकललं की फिरलं पाहिजे. टेबल गुण्यानं काटकोनात लावा.

आता ब्लेड, आणि लोक फसतात ते इथेच. मशीनसोबत आलेलं ब्लेड बहुतेक वेळा टाकाऊ असतं. माझ्या दुसऱ्या मशीनवर पहिला कट सरळ रेघेला लावला आणि तो केळ्यासारखा वाकडा गेला, मी आठवडाभर विकणाऱ्याला फोन करून डोकं खाल्लं, शेवटी अर्धा इंची, इंचाला ३ दातांचं ब्लेड लावलं आणि तेच मशीन गुमान सरळ कापायला लागलं. लाज वाटली, पण फोन करून सांगितलं नाही. जाड लाकूड चिरायचं तर इंचाला ३-४ दातच हवेत, बारीक दातांच्या खाचा भुशानं भरतात आणि मग ब्लेड कापायचं सोडून भरकटतं. गोलाईला पाव इंची, ६ ते १० दात, त्यात साधारण पाऊण इंच त्रिज्येची गोलाई निघते, अर्ध्या इंचीला मात्र अडीच इंच त्रिज्या तरी लागते, जबरदस्ती केलीत की ब्लेड पिळतं नाहीतर तुटतं.

सागात सिलिका असते त्यामुळे साधं कार्बन ब्लेड लवकर बोथट होतं, साग जास्त कापत असाल तर बायमेटल (कडक पोलादाचे दात जोडलेलं) ब्लेड परवडतं. वाड्याचं जुनं लाकूड असेल तर आधी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सगळीकडून फिरवा, एक चुकलेला खिळा आणि ब्लेडचे दात गेले. कॉइलमधून (ब्लेडच्या लांब गुंडाळीतून) तुकडा कापून ब्लेड जोडून घेतलंत तर जोडावर बोट फिरवून बघा, गाठ राहिली असेल तर गाइडवर दर फेरीला टक-टक वाजते, कानशीनं साफ करा.

एवढं सगळं कशासाठी, तर टेबल सॉचं पातं साधारण ३ मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं, हे एक-सव्वा. आजच्या सागाच्या भावात दोन मिलिमीटर म्हणजे काय ते तुम्हीच हिशोब करा.

वरचा गाइड लाकडाच्या पाव इंच वरच ठेवा, बोटं ब्लेडच्या रेषेत नकोत, शेवटचे चार इंच ढकलकाठीनं. गोल ओंडका नुसता हातात धरून कधीच कापू नका, ब्लेड त्याला गरकन फिरवून हात आत ओढतं, त्याला व्ही आकाराच्या ठोकळ्यात बसवा.

पहिला कट टाकाऊ फळीवर घ्या, फेन्सशिवाय (फेन्स म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची टेबलावरची सरळ पट्टी), फळीच्या कडेला समांतर मारलेल्या पेन्सिलच्या रेघेवर हातानं. अर्ध्यात थांबा, मशीन बंद करा, फळी टेबलावर जिथे आहे तिथेच धरून तिच्या कडेनं टेबलावर रेघ मारा आणि फेन्स त्या रेघेला समांतर लावा. रेघ खूपच तिरकी आली तर फेन्सला हात लावू नका, आधी ताण आणि ट्रॅकिंग (ब्लेड चाकाच्या मध्यावर पळतंय का) परत बघा.