लाडक्या गायिकेचं नवं गाणं ऐकायचंय? आधी कूलर बंद करा

राजेहो, मे महिन्यात नागपूरकराला कूलर बंद करायला सांगणं हा छळ आहे, कबूल. पण गाणं जेमतेम साडेतीन मिनिटांचं, तेवढ्यात कोणी वितळत नाही. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरी त्या घरघरीत तिचे खालचे सूर पार बुडाले, अन् मी पुतणीला कळवून मोकळा झालो, "आवाज पातळ झाला बाप्पा." चूक कूलरची.

पहिल्यांदा ऐकताना फोन पालथा ठेवा, व्हिडिओ नंतर. वायरवाला हेडफोन असला तर तोच लावा, ब्लूटूथ आवाज दाबून पाठवतो. अन् लगेच पुढे ढकलू नका. स्पॉटिफायवर ३० सेकंद झाल्याशिवाय गाणं मोजलंच जात नाही.

मग पेटी काढा आणि सा शोधा. तिची जुनी गाणी मी काळी पाचमध्ये, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून वाजवायचो, हे त्याखालच्या काळी तीनमध्ये बसलं. वयानं पट्टी उतरते. ओढूनताणून वर गाण्यापेक्षा हे बरं.

खरी मजा तिसऱ्या खेपेला. शब्द वहीत उतरवा आणि ती श्वास घेते तिथे पेन्सिलीनं उभी रेघ मारा. पूर्वी अख्खी ओळ एका दमात जायची, आता मध्येच रेघ येते. दुसऱ्या अंतऱ्यात मात्र 'अंगण' या शब्दाआधी एक रेघ आहे, तिथे दम संपलेला नाही. चार मात्रांपूर्वीच तिनं श्वास घेतलाय. तिथे ती मुद्दाम थांबलीये, अन् मग 'अंगण' असं अलगद ठेवते की मी सात वेळा मागे नेऊन ऐकलं. रेघ कुठेच सापडली नाही, तर श्वास स्टुडिओत कापलेत समजा. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद जाणं, घसरण्याऐवजी पायऱ्या उतरल्यासारखी वाटली, तर ऑटोट्यूनचा, म्हणजे सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचा हात. ते १९९७ पासून आहे, तेव्हा 'आजकालची पोरं' म्हणून नाक मुरडू नका.

मत द्यायचं ते दुसऱ्या दिवशी. आणि जुन्या आठवणीशी तुलना नको. सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात तिला ऐकलं तेव्हा मी पंचवीसचा होतो, शेजारच्या खुर्चीवर बसलेली मुलगी आता माझी बायको आहे. त्या रात्रीपुढे कोणतं गाणं टिकेल?

पुतणीला दुरुस्ती पाठवली: "मधला सिंथेसायझरचा तुकडा फालतू, ढोलकी जास्त झाली, दुसरा अंतरा शंभर नंबरी." तिचं उत्तर आलं, "काका, मी तर अजून व्हिडिओच पाहून राहिली."